दोन शास्त्रांनी वर्ज्य ठरविलेले ताट

माझ्या भाचीने आपल्या पाककृतींच्या वहीचे छोटेखानी पुस्तक करावयाचे मनावर घेतले, आणि त्यातील ज्या एका पदार्थामुळे आमच्या घरी बुधवारच्या रात्रीचे जेवण गेली काही वर्षे वीस मिनिटांत तयार होऊ लागले आहे, त्या क्रीममधल्या कोळंबीच्या पास्त्याच्या प्रकरणापुरती प्रस्तावना मी लिहावी असे फर्मान काढले, तेव्हा प्रथम मला संकोचच वाटला. कारण तिने ती कृती अवघ्या सहा ओळींत उरकली असून त्या सहा ओळींपुढे माझे हे दफ्तर ठेवणे म्हणजे पानाच्या ठेल्यासमोर दिंडीदरवाजा उभारण्यासारखे दिसेल, ही भीती अगदीच अस्थानी नव्हती. परंतु त्या ओळी दोनतीनदा वाचल्यावर ध्यानात आले की त्यांत लिहिले आहे त्याहून गाळलेलेच अधिक आहे; आणि या पदार्थावर दोन दूरदूरच्या देशांतील शास्त्रांनी, एकमेकांचा सल्ला न घेता, बहिष्कार घातलेला आहे ही गोष्ट तर तिने वाचकापासून चक्क दडवून ठेवली आहे. इटलीतील जाणता गृहस्थ म्हणेल की समुद्राच्या जिनसांवर दुधातुपाचे लेपन करू नये. आणि आमच्या आळीतली कोणतीही आजी म्हणेल की मासळी आणि दूध एका ताटात आणू नये, अंगावर पांढरे डाग उठतात. अशा दुहेरी फिर्यादीत सापडलेल्या पदार्थाची कैफियत कोणी तरी मांडावयास हवी, आणि निवृत्त मामांजवळ वेळ मुबलक असतो.

प्रथम कुळकथा सांगतो. 'पास्ता' या इटालियन शब्दाचा अर्थ मळलेली कणीक एवढाच आहे, आणि त्या कणकेला वळून, कापून किंवा छिद्रांतून दाबून जे शेकडो आकार देतात ते सर्व या एकाच नावाखाली नांदतात. मार्को पोलोने चीनहून परतताना शेवया आणल्या आणि तेथून इटलीला पास्ता मिळाला, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी ऐकलेली असते. ती इतकी सुटसुटीत आहे की खोटी असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. पण मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ साली. आणि त्यापूर्वी सोळा वर्षे, १२७९ मध्ये, जिनोआच्या एका नोटरीने एका शिपायाच्या चीजवस्तूची जी यादी केली तीत मॅकरोनीने भरलेल्या टोपलीची नोंद आहे, म्हणजे वारसांच्या हिशेबात धरण्याइतकी ती वस्तू तेथे घरगुती आणि टिकाऊ झालेली होती. त्याच्याही सव्वाशे वर्षे आधी, ११५४ च्या सुमारास, सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर याच्या आश्रयास असलेल्या अल्-इद्रिसी या भूगोलवेत्त्याने, पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी 'इत्रिया' नावाच्या शेवया मोठ्या प्रमाणावर तयार होऊन गलबतांतून मुसलमानी आणि ख्रिस्ती अशा दोन्ही मुलुखांत रवाना होत असल्याचे लिहून ठेवले आहे. इतके दाखले पुढे आल्यावर दंतकथेने मुकाट्याने खाली बसावयास हवे होते. ती अद्याप उभी आहे, याचे कारण एवढेच की नोटरीच्या यादीपेक्षा प्रवाशाची गोष्ट सांगावयास सोपी पडते.

या वंशावळीत आपले घर कोठे बसते, हा प्रश्न मला फार वेळ गुंतवून ठेवतो. चैत्र-वैशाखात गच्चीवर धुवट धोतरावर वाळत घातलेल्या शेवया ज्याने पाहिल्या आहेत, त्याला वाळवलेल्या पास्त्याची ओळख करून देण्याचे प्रयोजन नाही. त्याहूनही विलक्षण गोष्ट म्हणजे आमच्या आज्या-माम्या लग्नघरी जमून बोटांच्या चिमटीत जे गव्हले, नखुले आणि मालत्या वळीत, त्यांतल्या गव्हल्यांचे सख्खे भावंड इटलीत आहे: जवाच्या दाण्याएवढा 'ओर्झो' समोर ठेवला तर रुखवतातले गव्हले परदेशी जाऊन थोडे बाळसे धरून आले आहेत असेच कोणासही वाटेल. फरक आहे तो पुढच्या कृतीत. आपण त्या नाजूक आकारांना दुधात शिजवून, गूळसाखर घालून, खिरीच्या मानाच्या वाटीत बसविले. इटलीने त्यांना खारट पाण्यात टाकून जेवणाच्या मुख्य ताटात आणले. म्हणजे दूध आणि वळलेली कणीक यांचा संयोग आपल्याकडे शतकानुशतके मंगलकार्यात मान्य आहे, आणि नारळाचे दूध व कोळंबी यांचा संयोग वेंगुर्ल्यापासून मडगावपर्यंत रोजच्या जेवणात मान्य आहे. तिघांना एकत्र बसविण्याची वेळ आली की मात्र पंक्तीत कुजबूज सुरू होते.

गव्हाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण भाचीने 'एक पाकीट पास्ता' एवढेच लिहून हात झटकले आहेत. वाळवलेला चांगला पास्ता ड्युरम जातीच्या कठीण गव्हाच्या रव्याचा असतो. इटलीत तर १९६७ च्या कायद्याने तेथे तयार होणाऱ्या वाळवलेल्या पास्त्याला हाच गहू बंधनकारक केला. आपल्याकडचा बन्सी गहू याच जातीचा, आणि शेवयांसाठी जुन्या बायका तोच मागून घेत, हा काही योगायोग नव्हे; कठीण गव्हातील प्रथिनांचे जाळे उकळत्या पाण्यातही पिठाला धरून ठेवते, मैद्याचे तेवढे धरीत नाही. तेव्हा पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला आहे की नुसता मैदा, हे चष्मा लावून वाचावे. दुसरी परीक्षा पृष्ठभागाची. नेपल्सजवळचे ग्रान्यानो हे गाव या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि तेथील जुन्या पद्धतीत कणीक पितळेसारख्या काशाच्या साच्यांतून दाबून काढतात. त्यामुळे पास्त्याचे अंग किंचित खरखरीत, पीठ उडाल्यासारखे पांढुरके राहते आणि रस त्याला चिकटतो. गुळगुळीत, पिवळाधमक, चकचकीत पास्ता दिसावयास देखणा असतो, पण त्याच्या अंगावरून क्रीम निथळून ताटाच्या तळाशी जाऊन बसते.

आता पहिली फिर्याद. मासळीच्या पास्त्यावर किसलेले चीज घालू नये हा इटलीतला अलिखित दंडक आहे आणि तो मोडणाऱ्याकडे वाढपी अशा करुणेने पाहतो की त्यापेक्षा उपमर्द परवडला असे वाटावे. त्यामागचे कारण सयुक्तिक आहे: मुरलेल्या चीजचा उग्र खारटपणा शिंपल्यांच्या आणि कोळंबीच्या हलक्या गोडीला झाकून टाकतो. परंतु दंडक म्हणून जो सांगितला जातो त्याला त्याच देशात अपवाद आहेत. दक्षिणेच्या बारी शहरात बटाटे, तांदूळ आणि कालवांचे भाऊबंद असे काळे शिंपले थरांनी रचून जो 'तिएल्ला' भाजतात त्यात मेंढीच्या दुधाचे चीज घालण्यास बारीच्या गृहिणीला कोणाची परवानगी लागत नाही. क्रीमची कथा आणखी वाकडी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी रोममध्ये आल्फ्रेदो दि लेलिओ नावाचा खाणावळवाला रुंद शेवयांना केवळ लोणी आणि पार्मेझान चोळून वाढीत असे. १९२० मध्ये मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे मूकपटांतले विख्यात दांपत्य मधुचंद्राच्या प्रवासात तेथे जेवले आणि त्या पदार्थाची कीर्ती अटलांटिकपार गेली. अमेरिकेत पोहोचल्यावर त्यात क्रीम आले, लसूण आला, कालांतराने कोळंबी आली, आणि आज जगभर 'आल्फ्रेदो' म्हणून जे खपते त्याला रोमचा वारस म्हणवून घेण्याचा हक्क कितपत आहे याचा फैसला रोमकरांनी केव्हाच प्रतिकूल दिलेला आहे. तरी खुद्द इटलीतही १९८० च्या आसपास क्रीमची अशी लाट आली होती की मासळीपासून मटारापर्यंत सर्व काही त्यात बुडविले जात असे. आता त्या काळाविषयी तेथील लोक तरुणपणीच्या केशरचनेविषयी बोलावे तसे बोलतात. माझा निकाल असा की फिर्याद अर्धी मान्य करावी. क्रीम राहू द्यावे, पण त्यावर पुन्हा चीजचा डोंगर रचू नये. एका दुधाची जागा असताना दुसऱ्याला दाखला देण्याचे कारण नाही. भाची घालते. तिच्या सहा ओळींतली पाचवी ओळ वाचकाने माझ्या जबाबदारीवर गाळावी.

दुसरी फिर्याद आपली, आणि म्हणून अधिक अवघड. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराचा विचार करताना मत्स्य आणि दूध एकत्र सेवन करू नयेत असे स्पष्ट सांगितले आहे. दोन्ही मधुर असली तरी एक उष्णवीर्य आणि एक शीतवीर्य, यास्तव रक्ताला दूषित करणारी, अशी त्याची उपपत्ती आहे. आपण सर्वांनी हा निषेध आजीच्या तोंडून ऐकलेला असतो, पण मूळ अध्याय उघडणाऱ्यास जी मौज सापडते ती आजीने सांगितलेली नसते: तेथे हा विषय एकमुखाने ठरलेला नाही. भद्रकाप्य नावाचे ऋषी त्या सभेत उठून म्हणतात की चिलिचिम नावाचा एक मासा सोडला तर बाकीचे सर्व मासे दुधाबरोबर खुशाल खावेत. आणि भगवान आत्रेय त्यांना नकार देऊन सर्वच मासे वर्ज्य ठरवितात, चिलिचिम विशेषेकरून. म्हणजे दोन हजार वर्षांच्या आगेमागे हा प्रश्न मंडळापुढे आला होता, त्यावर भिन्न मतपत्रिका जोडली गेली होती, आणि ती नष्ट न करता ग्रंथकारांनी दफ्तरी ठेवली. मला हा प्रामाणिकपणा मूळ निर्णयाइतकाच आदरणीय वाटतो. आधुनिक वैद्यकाला मासळी-दुधाने कोड उठते या समजुतीस आधार सापडलेला नाही. ज्यांना कवचधारी जलचरांची किंवा दुधाची खरोखरीची ॲलर्जी आहे त्यांचा प्रकार निराळा, त्यांनी हे प्रकरण वाचून पुस्तक मिटावे, प्रयोग करू नये. कोळंबी ही प्राणिशास्त्राप्रमाणे मासा नव्हेच, तेव्हा तिला हा निषेध लागू होत नाही, अशी एक वकिली पळवाट माझ्या एका स्नेह्याने सुचविली होती. ती मी घेत नाही. ज्या मनुष्याने उभा जन्म कोळंबीला 'मासे' म्हणून कोळणीशी घासाघीस केली, त्याने ऐन वेळी प्राणिशास्त्राआड लपणे बरे दिसत नाही. ज्याला आत्रेयांचे मत शिरोधार्य आहे त्याने क्रीमच्या जागी नारळाचे घट्ट दूध घ्यावे. पदार्थ इटलीपासून आणखी एक कोस दूर जाईल आणि मालवणच्या तितकाच जवळ येईल. मी स्वतः भद्रकाप्यांच्या पक्षाचा आहे.

या पक्षाला परदेशातही साक्षीदार आहेत: स्कॉटलंडात धुरावलेला हॅडॉक मासा दुधात शिजवून सूप करतात, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर शिंपल्यांचे दाट दुधाळ कालवण करतात, फ्रान्सच्या नॉर्मंडीत मासळीवर क्रीमचा रस घालतात. थंड समुद्र आणि गाईची कुरणे जेथे शेजारी आली तेथे हा संयोग आपसूक घडला, एवढे सांगून पुढे जातो.

'वीस मिनिटे' या भाचीच्या दाव्याची मात्र तपासणी करणे भाग आहे, कारण त्या जमाखर्चात एक मोठी रक्कम दाखविलेलीच नाही. कोळंबी सोलावयास लागणारा वेळ तिने हिशेबात धरला नाही. चौघांसाठी डोक्यासकट पाऊण किलो कोळंबी आणली तर सोलून निम्म्याच्या आसपास मांस हाती येते, आणि प्रत्येकीच्या पाठीवरून सुरीचे टोक फिरवून काळा दोरा ओढून काढावयास माझ्यासारख्या सराव नसलेल्या हाताला पाऊण तास सहज पुरत नाही. बाजारात कोळीण सोलून देते. थोडे अधिक पैसे द्यावे आणि डोकी मागून घ्यावीत. ती डोकी म्हणजे या पदार्थाचा खरा खजिना आहे. पाणी उकळेपर्यंतच्या दहाबारा मिनिटांत ती थोड्या तेलात परतून पळीने दाबावीत, म्हणजे तेल केशरी होते. कोळंबीच्या अंगात ॲस्टाझँथिन नावाचे रंगद्रव्य एका प्रथिनाच्या मिठीत राखी-निळसर होऊन बसलेले असते, आचेने ती मिठी सुटली की ते आपला खरा तांबूस रंग दाखविते, आणि स्नेहात विरघळते. ते तेल गाळून त्यातच लसूण टाकावा. एवढे केले की पुढे क्रीमला मासळीची चव कोठून येणार हा प्रश्न उरत नाही. जे लोक डोकी फेकून देतात ते मग ओरेगॅनोच्या पुड्या फाडत बसतात.

ताजेपणाची परीक्षा अलिबागच्या वाचकाला मी काय सांगावी! डोके धडाला घट्ट असावे, सांध्यांवर काळे डाग नसावेत, वास समुद्राचा यावा, अमोनियाचा येऊ नये. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या मुदतीत बर्फातली कोळंबी घेण्यात कमीपणा नाही. ती आदल्या रात्री शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावी आणि शिजविण्यापूर्वी फडक्याने कोरडी करावी, कारण ओली कोळंबी कढईत परतली जात नाही, आपल्याच पाण्यात उकडते. तिला एकंदर दोन ते तीन मिनिटांची आच पुरे. शरीर अर्धवर्तुळात वळले की काढून बाजूला ठेवावी. पूर्ण वेटोळे झाले म्हणजे समजावे की उशीर झाला. माकुल घालावयाचे असेल तर त्याचा स्वभाव याहून हट्टी: दोन मिनिटे किंवा अर्धा तास, मधल्या वेळात ते रबर असते.

पाण्याचे इटालियन प्रमाण पाठ करावयास सोपे आहे: एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम मीठ आणि शंभर ग्रॅम पास्ता. येथे कोळंबी स्वतःच खारट असल्याने मिठाचा हात थोडा आखडावा. पाकिटावर जी वेळ छापलेली असते तिच्या दोन मिनिटे आधी पास्ता पाण्यातून काढून कढईतल्या रसात टाकावयाचा असतो; उरलेले शिजणे त्याने रसात शिजावे, म्हणजे तो रस पितो. आणि ते पिठूळ पाणी मोरीत ओतण्यापूर्वी दोन वाट्या बाजूला काढून ठेवावे. भाताची पेज ज्या घरात कधी फुकट गेली नाही त्या घराला याचे मोल समजावून द्यावे लागत नाही: त्या पाण्यातील पिष्ट हे तेल आणि पाणी यांच्यामध्ये जामीन राहते, दोघांना वेगळे होऊ देत नाही, आणि क्रीम निम्मे घालूनही रस दाट लागतो. चौघांना दोनशे मिलिलिटर क्रीम पुष्कळ झाले. अधिक घातल्यास तिसऱ्या घासाला जीभ कंटाळते.

क्रीमच्या बाबतीत माझा पूर्वेतिहास निष्कलंक नाही. प्रथम जेव्हा मी एकट्याने हा प्रयोग केला तेव्हा घरची साय, न फेटता, खळखळत्या कढईत घातली आणि वर उत्साहाने अख्खे लिंबू पिळले; क्षणार्धात कढईत एकीकडे निवळ पाणी आणि दुसरीकडे पनीराचे कण अशी वाटणी झाली, आणि त्यात कोळंबी बिचारी कुळ-मालकाच्या तंट्यातील बैलाप्रमाणे उभी राहिली. कारण पुढे समजले. क्रीममध्ये स्निग्धांश जितका अधिक तितके ते उकळी आणि आम्ल सहन करते; पस्तीस टक्क्यांचे सहसा फुटत नाही, आपल्याकडे पाकिटात मिळते ते बहुधा पंचवीस टक्क्यांचे, त्याला मंद आचेवरच ठेवावे; आणि सायीत तर दुधाची गोठलेली प्रथिनेही असल्याने ती ताजी घेऊन, आधी फेटून, कढई खाली उतरविल्यावरच घालावी. लिंबाचा रस सर्वांत शेवटी, आच बंद केल्यावर, अर्ध्या फोडीचा. त्यापूर्वी हवे तर सालीचा पिवळा भाग किसून घालावा. त्यात सुगंध आहे, आम्ल नाही. मिरपूड जाडसर कुटलेली. हळद, लाल तिखट, गरम मसाला यांना मी या पदार्थात प्रवेश दिलेला नाही, आणि त्यांच्या वतीने आमच्या घरात आलेले सर्व अर्ज आजवर फेटाळले आहेत.

शेवटी एक सूचना, जी कोणत्याही इटालियन पुस्तकात सापडावयाची नाही, कारण तेथे तिची गरज पडत नसावी. हा पदार्थ ताटात पडल्यावर थांबत नाही. पाच मिनिटांत पिष्ट आवळते, रस आटतो आणि जे रेशमासारखे होते त्याचा गोळा होतो. आपल्या घरांत मात्र 'पाने घेतली' ही हाक ऐकल्यापासून मंडळी प्रत्यक्ष पाटावर किंवा खुर्चीवर येईपर्यंत जो काळ जातो, त्यात एकजण बातम्यांचा शेवटचा मथळा ऐकतो, दुसरा आंघोळीला जातो आणि तिसरी फोनवर 'ठेवते आता' असे चौथ्यांदा म्हणत असते. म्हणून आमच्या घरी हाक मारण्याची वेळ मी निश्चित करून दिली आहे: पास्ता उकळत्या पाण्यात पडला, की लगेच. पास्त्याला नऊ मिनिटे लागतात, आणि आमच्या मंडळींना अकरा.

अलिबाग,
नारळी पौर्णिमा